अधिकाराने शिकवणं म्हणजे नेमकं काय? (रविवारची शाळा, तरुण संघ, दृढीकरणाचे (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याचे) वर्ग घेणाऱ्यांसाठी)

पाठाची वही

सर्वांना सलाम.

विश्वासाचं शिक्षण देणाऱ्यांमध्ये दोन दुखणी वारंवार दिसतात. पहिलं म्हणजे सगळंच दबकत सांगणं. "असं मानतात", "बहुधा तसं असावं", "आपल्याकडे असं शिकवतात". अशा वर्गातून मुलं रिकाम्या हाताने घरी जातात. दुसरं दुखणं याच्या उलट, सगळं एकाच चढ्या सुरात. येशू तिसऱ्या दिवशी उठला हेही ठाम, आणि नाताळात घरात झाड लावू नये हेही तितकंच ठाम. पुढे कधीतरी त्या मुलाला कळतं की नाताळच्या झाडाबद्दल शास्त्रात काहीच नाही. मग तो पुनरुत्थानाबद्दलही साशंक होतो, कारण दोन्ही गोष्टी त्याने एकाच तोंडून, एकाच वजनाने ऐकलेल्या असतात.

दोन्हींचं मूळ एकच आहे. हे वाक्य आपण कोणाच्या अधिकारावर बोलणार, हे शिक्षकाने वर्गात पाऊल टाकण्याआधी ठरवलेलं नसतं.

मार्क १:२२ शिक्षकांच्या शिबिरात हमखास घेतलं जातं. कफर्णहूमच्या सभास्थानातले लोक थक्क झाले, कारण येशू शास्त्र्यांसारखा (यहुदी धर्मशास्त्र शिकवणाऱ्यांसारखा) नव्हे तर अधिकार असल्यासारखा शिकवत होता. त्यावर लगेच "आपणही तसंच शिकवायचं" असा उपदेश होतो. इथे जरा थांबायला हवं. तो अधिकार त्याचा स्वतःचा होता. "मी तर तुम्हांला सांगतो" हे त्याने म्हणायचं, आपण नाही. आपला अधिकार तलाठ्यासारखा आहे. तलाठी जमिनीचा मालक नसतो, तरी त्याने दिलेला सातबारा सगळीकडे चालतो, कारण नोंद त्याच्या मनची नसते. मनाने एक गुंठा वाढवला की तो उताराही गेला आणि त्याच्यावरचा भरवसाही गेला.

हे कसं सांभाळायचं याचा उत्तम नमुना १ करिंथ ७ मध्ये आहे. १० व्या वचनात पौल विवाहितांना आज्ञा करतो आणि म्हणतो, ही माझी नव्हे, प्रभूची. १२ व्या वचनात म्हणतो, बाकीच्यांना मी सांगतो, प्रभू नव्हे. २५ व्या वचनात म्हणतो, कुमारिकांविषयी मला प्रभूची आज्ञा नाही, पण मी आपलं मत देतो. एकाच अध्यायात तीन दर्जे, आणि तिन्ही उघड सांगितलेले. यामुळे पौलाचं वजन कमी होत नाही, उलट १० व्या वचनाला धार येते.

वहीत हे असं आणता येतं. पाठ लिहून झाला की प्रत्येक विधानाखाली रेघ मारायची. पवित्र शास्त्रात सरळ लिहिलेलं असेल तर लाल. मंडळीने (चर्चने) सुरुवातीपासून कबूल केलेलं असेल, म्हणजे उपासनेत म्हटले जाणारे विश्वासाचे कबुलीपाठ, प्रेषितांचा विश्वासांगीकार, नायसियाचा विश्वासांगीकार, तर निळी. बाकी सगळ्याखाली पेन्सिल. पेन्सिलच, कारण ती खोडता येते. बोलण्याची भाषाही तीन तऱ्हेची ठेवायची: "शास्त्र सांगतं", "मंडळी पहिल्यापासून कबूल करत आली आहे", "मला असं वाटतं, आणि यावर विश्वासू माणसांची वेगवेगळी मतं आहेत".

उदाहरणाला मार्क २:१–१२, पक्षाघाती माणूस. चौघांनी त्याला उचलून आणलं, छप्पर उघडलं, बाज खाली सोडली, येशूने आधी पापांची क्षमा जाहीर केली, शास्त्र्यांनी मनातल्या मनात आक्षेप घेतला, मग तो माणूस बाज उचलून चालता झाला. हे सगळं लाल. ज्या अर्थी क्षमा करण्याचा अधिकार देवाचा आहे आणि येशूने तो चालवला, त्या अर्थी येशू खरा देव आहे, हा मंडळीचा निष्कर्ष: निळा. ते घर पेत्राचं असावं, हे पेन्सिल. आणि याच पाठात नेहमी घुसडलं जाणारं एक वाक्य: "तो पापामुळे आजारी पडला होता." हे अध्यायात कुठेही नाही. योहान ९:३ मध्ये जन्मांध माणसाच्या बाबतीत येशूने तो विचारच बाजूला सारला आहे. वर्गात एखादं मूल चाकाच्या खुर्चीत बसलेलं असेल, तर आपल्या मनचं हे एक वाक्य त्याच्यावर शास्त्राच्या नावाने जन्मभराचा घाव घालेल. म्हणून रेघा मारायच्या.

---

बालवर्ग

फार गरजेचा धागा. लहान मुलांच्या वर्गाचं (६ ते १० वर्षं) वेळापत्रक देते. ४५ मिनिटं धरा.

५ मिनिटं गाणं आणि प्रार्थना. ५ मिनिटं मागच्या आठवड्याचं सुवर्णवचन (पाठ करायला दिलेलं वचन). १२ मिनिटं गोष्ट, त्याहून जास्त नाही. ८ मिनिटं प्रश्न. १० मिनिटं हातकाम. शेवटची ५ मिनिटं नवं वचन. वेळ कमी पडली तर हातकामाला कात्री लावा, प्रश्नांना नको. बहुतेक वर्गांत नेमकं उलटं होतं, मुलं रंगवत बसतात आणि गोष्टीत काय घडलं हे त्यांना सांगता येत नाही.

गोष्टीची तयारी शनिवारी रात्री करू नका. सोमवारी उतारा मोठ्याने तीनदा वाचा. पहिल्यांदा नुसता, दुसऱ्यांदा क्रियापदं हेरत, तिसऱ्यांदा "इथे देव काय करतो?" हा प्रश्न मनात ठेवून. मग पाठाचं सार एका वाक्यात लिहा. वाक्याचा कर्ता देव किंवा येशू हवा. "आपण शूर व्हावं" हे दावीद आणि गल्याथ यांच्या पाठाचं सार नव्हे. १ शमुवेल १७:४७ मध्ये दावीद स्वतः सांगतो की लढाई परमेश्वराची आहे. पाठाचा कर्ता "आपण" झाला की विश्वासाचं शिक्षण संपतं आणि नीतिपाठ सुरू होतो. नीतिपाठ तर शाळेतही मिळतो.

सुवर्णवचन १२ ते १५ शब्दांचंच निवडा. फळ्यावर पूर्ण लिहा, सगळ्यांकडून दोनदा म्हणून घ्या, मग एकेक शब्द पुसत जा आणि प्रत्येक वेळी पूर्ण वचन म्हणायला लावा. आधी नामं पुसू नका, "आणि", "तर", "म्हणून" पुसा. शेवटी फळा कोरा होतो आणि वचन तोंडात राहतं. संदर्भ वचनाआधी आणि वचनानंतर, दोन्ही वेळा म्हणायचा, नाहीतर वचन आठवतं आणि अध्याय हरवतो.

---

नवीन शिक्षिका

ताई, खूप उपयोगी. दोन अडचणी आहेत. वर्गात कुणाकडे जुनं पवित्र शास्त्र, कुणाच्या आईच्या मोबाईलवर सोप्या मराठीतलं, कुणी इंग्रजी माध्यमाचं. सुवर्णवचन म्हणताना तीन सूर निघतात. आणि दहा आज्ञा शिकवताना एक मूल म्हणालं "चोरी करू नको" ही सातवी, दुसरं म्हणालं आठवी. कोणाला चूक म्हणायचं?

---

कादोडी

कोणालाच नाही. दोघंही बरोबर आहेत. निर्गम २० मध्ये आज्ञांना आकडे छापलेले नाहीत, मोजणी परंपरेने केली आहे. कॅथलिक आणि लुथरन मोजणीत "माझ्याखेरीज दुसरे देव नसावेत" आणि "मूर्ती करू नको" या दोन्ही मिळून पहिली आज्ञा, आणि लोभाविषयीच्या शेवटी दोन: नववी, दहावी. इतर बहुतेक प्रॉटेस्टंट मोजणीत मूर्तीची आज्ञा स्वतंत्र दुसरी, आणि लोभ सगळा दहावीत. म्हणून वसईतल्या कॅथलिक धर्मग्रामातलं मूल सातवी म्हणेल आणि नगरच्या प्रॉटेस्टंट मंडळीतलं मूल आठवी. वर्गात मामेभावंडं, पाहुणे असले की हे होतंच. दोघांना निर्गम २०:१५ वर बोट ठेवायला सांगा. वचन एकच सापडतं, आणि मोजणी माणसांची, आज्ञा देवाची, हेही न सांगता शिकवून होतं.

आवृत्तीचं म्हणाल तर पाठांतरासाठी एकच ठरवा आणि वर्षानुवर्षं बदलू नका. मार्टिन लूथरने १५२९ साली लहान प्रश्नोत्तरी काढली, त्याआधी सॅक्सनीतल्या खेड्यापाड्यांतल्या मंडळ्या फिरून पाहिल्या होत्या. लोकांना आज्ञा आणि प्रभूची प्रार्थनाही धड येत नव्हती. त्या प्रश्नोत्तरीच्या प्रस्तावनेत पाळकांना त्याची पहिली सूचना हीच आहे: शब्दांचा एक साचा घ्या आणि त्याला चिकटून राहा, कारण यंदा एक आणि पुढच्या वर्षी दुसरा शिकवला की मुलं आणि साधी माणसं गोंधळतात आणि सगळे कष्ट वाया जातात. पाठांतर झाल्यावर अर्थ, अर्थ झाल्यावर विस्तार, असा क्रम त्याने लावून दिला. आणखी एक बारकी सूचना आहे: तुमच्या लोकांना जी आज्ञा सगळ्यात जास्त लागते, तिच्यावर जोर द्या. कारागीर, व्यापारी, शेतकरी यांच्यात चोरीची आज्ञा. (त्याच्या मोजणीने सातवी!) कॅथलिक असूनही हे मोकळ्या मनाने सांगतो, शिकवण्याच्या कलेत हा सल्ला आजही अव्वल आहे.

समजून सांगायला मात्र दुसरी आवृत्ती जरूर वापरा. पाठांतर एकीतून, उलगडा दोन-तीनांतून.

---

मूळ संहिता

मी शब्दांबद्दल लिहितो, कारण मराठीत शिकवताना खरी गफलत इथे होते. शिक्षक आत्मविश्वासाने शब्द उच्चारतो, मूल दुसराच अर्थ घेऊन घरी जातं, आणि दोघांनाही पत्ता लागत नाही.

"प्रायश्चित्त" घ्या. रोजच्या मराठीत प्रायश्चित्त घेतं कोण? ज्याने चूक केली तो. उपास करतो, दंड भरतो. पवित्र शास्त्रात १ योहान २:२ मध्ये येशू स्वतः आपल्या पापांबद्दल प्रायश्चित्त आहे. करणारा बदलला. चूक आपली, आणि भरपाई देवाने स्वतः केली. हा उलटा झालेला कर्ता उघड करून दाखवला नाही, तर मूल सुवार्तेचा अर्थ "चांगलं वागून पाप फेडायचं" असाच लावणार, तुम्ही "कृपा" हा शब्द शंभरदा उच्चारलात तरी. फळ्यावर दोन ओळी लिहा: "प्रायश्चित्त कोण करतो?" आणि खाली "१ योहान ४:१० मध्ये कोणी केलं?" मुलांना स्वतः वाचून उत्तर काढू द्या.

"अवतार" हा शब्द जवळचा वाटतो म्हणून वापरला जातो. पण अवतार अनेक होतात, काम झालं की संपतात. योहान १:१४ मध्ये शब्द देही झाला असं आहे, आणि इब्री ९:२६–२८ मध्ये "एकदाच" यावर सगळा भार आहे. देहधारण म्हणा, आणि हा फरक शेजाऱ्यांच्या श्रद्धेला कमी न लेखता सांगा. तुलना मांडताना दुसऱ्या बाजूचं वर्णन असं करायचं की त्या बाजूचा माणूस वर्गात बसला असता तरी त्याने मान डोलावली असती. १ पेत्र ३:१५ मध्ये उत्तर द्यायला तयार राहा असं जिथे म्हटलंय, तिथेच सौम्यतेने आणि आदराने असंही म्हटलंय.

"त्र्यैक्य" (एकच देव: पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) तर सगळ्यात अवघड. पाणी, बर्फ, वाफ हा दाखला रविवारच्या शाळेत सर्रास चालतो आणि तो चुकीचा आहे. तेच पाणी कधी बर्फ होतं, कधी वाफ. म्हणजे एकच देव तीन सोंगं पालटतो असं होतं. तिसऱ्या शतकात साबेल्लियसच्या नावाने ओळखलं गेलेलं आणि मंडळीने नाकारलेलं मत नेमकं हेच. अंड्याचा दाखला दुसऱ्या बाजूला घसरतो: टरफल, पांढरं, पिवळं हे तीन तुकडे आहेत, टरफल म्हणजे पूर्ण अंडं नव्हे. दाखलाच नको. मत्तय ३:१६–१७ उघडा. पुत्र यार्देनेतून वर येतोय, आत्मा कबुतरासारखा उतरतोय, पित्याची वाणी आकाशातून येतेय. तिघंही एकाच क्षणी. त्याच्या शेजारी अनुवाद ६:४ ठेवा: परमेश्वर एकच आहे. दोन्ही वचनं एकत्र धरून मंडळीने ३२५ मध्ये नायसियाला आणि ३८१ मध्ये कॉन्स्टंटिनोपलला जे शब्दांत मांडलं, ते मोठ्या वर्गाला सांगा. लहानांना दोन वचनं पुरतात. गूढ आहे ते गूढ म्हणून सांगितल्याने शिक्षक छोटा होत नाही.

---

तरुण संघ

मूळ संहिता, पूर्ण सहमत. पण धाग्याच्या सुरुवातीच्या मुद्द्याला माझी हरकत आहे. कॉलेजच्या मुलांपुढे दर पाच मिनिटांनी "हे माझं मत" म्हणत बसलं, तर ती म्हणतील, शिक्षकालाच खात्री नाही. तीत २:१५ मध्ये पौल तीताला पूर्ण अधिकाराने बोध कर, दोष पदरी घाल, कोणी तुला तुच्छ मानू नये, असं सांगतो. तिथे पेन्सिल कुठे आहे?

---

पाठाची वही

हरकत रास्त आहे. नेमकं त्याच वचनाच्या वर काय आहे ते पाहा. तीत २:११–१४: देवाची कृपा प्रकट झाली, ख्रिस्ताने आपल्यासाठी स्वतःला दिलं. १५ वं वचन सुरूच होतं "ह्या गोष्टी" सांगत. म्हणजे पूर्ण अधिकार "ह्या गोष्टींसाठी" आहे, तीताच्या प्रत्येक मतासाठी नाही.

आणि हो, पेन्सिल जास्त झाली तर पाठ पातळ होतोच. नियम असा ठेवा: ४० मिनिटांच्या पाठात पेन्सिलीची विधानं दोनपेक्षा जास्त नकोत. जास्त असतील तर "कदाचित" लावून सांगू नका, सरळ काढून टाका. दबकत बोलण्यावरचा इलाज आवाज चढवणं हा नाही, कमी आणि पक्कं बोलणं हा आहे.

पक्कं म्हणजे किती पक्कं? १ करिंथ १५:३–८ तरुणांना ओळीओळीने शिकवा. पौल म्हणतो, मला जे मिळालं तेच तुम्हांला दिलं. पुढे साक्षीदारांची यादी: केफा (म्हणजे पेत्र), बारा जण, मग पाचशेहून अधिक बंधू, त्यातले बहुतेक अजून हयात आहेत. "हयात आहेत" याचा अर्थ जाऊन विचारा. विश्वासांगीकारात पंतय पिलाताचं नाव का आहे, हेही सांगा. कालखंडाशी बांधलेली गोष्ट आहे ही. पिलात इ.स. २६ ते ३६ यहूदीयाचा सुभेदार होता, आणि १९६१ साली कैसरियाच्या उत्खननात त्याच्या नावाचा कोरीव दगड सापडला. दगडाने पुनरुत्थान सिद्ध होत नाही, असंही त्याच दमात सांगा. पुरावा जेवढा आहे तेवढाच मांडणारा शिक्षक तरुणांना पटतो.

बोलण्याच्या सवयींबद्दल थोडं. वाक्याच्या शेवटी "बरोबर ना?", "असं आपण म्हणू शकतो" ही शेपटं तोडा. वचन वाचताना घाई करू नका. नहेम्या ८:८ मध्ये लेव्यांनी स्पष्ट वाचलं, अर्थ सांगितला, लोकांना समजलं, हाच क्रम आहे. वचन वाचून झालं की मनात चार मोजेपर्यंत गप्प राहा. ती शांतता भरून काढायची ओढ आवरली की वचन स्वतः बोलतं.

---

बालवर्ग

न येणाऱ्या प्रश्नाचं काय, हेही लिहायला हवं. तिथेच शिक्षकाचा आत्मविश्वास उघडा पडतो.

आधी प्रश्न त्याच मुलाच्या शब्दांत पुन्हा म्हणा, सुधारून नको. मग त्यातलं जेवढं नक्की माहीत आहे तेवढं सांगा. उरलेलं "मला माहीत नाही, शोधून सांगते" असं पूर्ण आवाजात म्हणा, आणि वर्गासमोर वहीत तारखेसह लिहा. पुढच्या रविवारी पहिल्या पाच मिनिटांत उत्तर द्या. उत्तर मिळालं नसेल तर कुठे शोधलं तेवढं सांगा. एकदा जरी ही वही विसरली, तरी पुढचे प्रश्न आटतात.

काईनाची बायको कोण, मांजर स्वर्गात जाईल का, हिंदू आजीचं काय होईल. हे तीन प्रश्न एका जातीचे नाहीत. पहिल्याला उत्पत्ती ५:४ मध्ये आदामाला मुलगे आणि मुली झाल्या एवढा धागा आहे, पण बायकोचं नाव शास्त्रात नाही. दुसऱ्यावर शास्त्र थेट बोलत नाही. तिसऱ्या प्रश्नात प्रश्न कमी आणि दुःख जास्त असतं. त्याला वर्गात ठोक उत्तर देऊन मोकळं होऊ नका. उत्पत्ती १८:२५ सांगा, सर्व जगाचा न्यायाधीश योग्य तेच करील, आणि वर्ग सुटल्यावर त्या मुलाशेजारी, सगळ्यांच्या नजरेसमोर, पाच मिनिटं बसा. पाळकसाहेबांना कळवा.

"प्रश्न विचारू नको, विश्वास ठेव" हे वाक्य वर्गातून कायमचं काढून टाका. लूक १:३४ मध्ये मरीयेने देवदूताला हे कसं होईल असं विचारलं आणि तिला उत्तर मिळालं. बिरुयातल्या लोकांनी पौलाचं शिक्षण रोज शास्त्रात पडताळून पाहिलं, आणि लूकने त्यांना मोठ्या मनाचे म्हटलंय (प्रे. कृत्ये १७:११).

---

पेटी-टाळ

आपल्या मातीतही याची घडी बसवून ठेवलेली आहे, ती विसरू नये.

फादर थॉमस स्टीफन्सचं क्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यातल्या रायतूरला छापलं गेलं, अकरा हजारांच्या आसपास ओव्या. त्याची मांडणी पाहा: नवख्या ख्रिस्ती श्रोत्यांचे प्रश्न येतात, पाद्रीगुरू उत्तर देतो, पुन्हा कथा पुढे सरकते. श्रोत्याची शंका कथेच्या आतच बसवलेली आहे. सुवार्ता थेट सुरू न करता आधी "पहिलें पुराण", म्हणजे जुन्या कराराची पूर्ण पार्श्वभूमी, आणि मग "दुसरें पुराण". आज आपण मुलांना थेट गव्हाणीपाशी नेतो आणि मग "तारणारा कशापासून?" या प्रश्नाला उत्तर उरत नाही.

दुसरी घडी कीर्तनाची. नगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या परिसरात ख्रिस्ती कीर्तन रुजलं, पुढे नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) भजनं आणि कीर्तनं यांतून ते मराठी मंडळीच्या अंगवळणी पाडलं. नमन, पूर्वरंग, उत्तररंग. पूर्वरंगात एका वचनाचं निरूपण, उत्तररंगात ते वचन जगलेल्या माणसाचं आख्यान. तरुण संघाच्या ५० मिनिटांच्या सभेला हा साचा चपखल बसतो: ५ मिनिटं नमन, २० पूर्वरंग, २० आख्यान, ५ भजन. उदाहरणार्थ पूर्वरंगाला मत्तय ६:१२, आमची ऋणं सोड, आणि उत्तररंगाला मत्तय १८:२१–३५ मधला निर्दय चाकर. बिघडतं कुठे, तर आख्यान रंगलं की कीर्तनकार पूर्वरंगातलं वचन सोडून देतो. दर आठ-दहा मिनिटांनी ध्रुपदासारखं ते वचन परत यायला हवं.

कंटाळलेल्या शिक्षकांनी संत ऑगस्टीनचं एक लहानसं पुस्तक वाचावं, इ.स. ४०० च्या सुमाराचं. कार्थेजच्या देओग्रातियस नावाच्या डीकनने (मंडळीतल्या सेवकाने) तक्रार केली होती की नवख्यांना तेच ते शिकवताना मी स्वतःच कंटाळतो. ऑगस्टीनने त्याला कंटाळ्याची एकेक कारणं सुटी करून दिली. श्रोता जांभई देऊ लागला तर काय करायचं हेही सांगितलं: काही आनंदाचं किंवा आश्चर्याचं बोल, आणि त्याला बसायला जागा दे. हजारो मैलांवरच्या, सोळाशे वर्षांपूर्वीच्या त्या वर्गात लोक उभे राहून ऐकत होते. आपल्या बाकांवरच्या जांभयांचा उगाच अपमान वाटून घेऊ नये.

---

नगरी

पेटी-टाळ, सुंदर प्रतिसाद. त्याला जोडून वचन तोडून वापरण्याबद्दल लिहितो, कारण अधिकाराची सगळ्यात मोठी चोरी तिथे होते.

३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत वचनकार्ड वाटतात. यिर्मया २९:११ निघालं की सगळे खूश, देवाचे माझ्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत. शिक्षकाने १० वं वचन वाचून दाखवावं. बाबेलात सत्तर वर्षं पूर्ण झाल्यावर. हे पत्र बंदिवानांना आहे, आणि ऐकणाऱ्यांपैकी कितीतरी जण परतण्याआधीच मरणार होते. याने वचन कमकुवत होत नाही. नोकरी गेलेल्या बापाला, नापास झालेल्या मुलीला याच संदर्भासह ते खरा आधार देतं, कारण देव सत्तर वर्षांच्या अंधारातही आपलं वचन विसरत नाही. फिलिप्पै ४:१३ चंही तसंच. परीक्षेच्या पॅडवर चिकटवतात. ११ आणि १२ वाचा: भरपूर असताना आणि उपाशी असताना, दोन्हींत राहायला मी शिकलो आहे. ते जिंकण्याचं वचन नाही, तग धरण्याचं आहे.

सवय लावा: कुठलंही वचन वर्गात घेण्याआधी वरची दहा आणि खालची पाच वचनं वाचायची. पाच मिनिटं लागतात.

आणि वागणुकीचं थोडक्यात. याकोब ३:१ सांगतं की शिक्षकांना अधिक कडक न्याय आहे. वर्गात दोन प्रौढ, दार उघडं, एका मुलासोबत बंद खोलीत एकटं कुणी नाही. नरकाची भीती घालून हात वर करायला लावायचे नाहीत. कुठल्याही मुलाच्या घरातली भांडणं, दारू, कर्ज प्रार्थनेच्या विषयात नावाने आणायची नाहीत. सुट्टीतल्या बायबल शाळेत इतर धर्मांची मुलं येत असतील तर आईवडिलांची लेखी परवानगी आधी घ्या आणि काय शिकवणार ते स्पष्ट लिहा. हे पाळलं नाही तर वर लिहिलेल्या सगळ्या तयारीचं मातेरं होतं.

---

नवीन शिक्षिका

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटची एक शंका. प्रभूच्या प्रार्थनेच्या शेवटी "राज्य, सामर्थ्य, गौरव" हा भाग माझ्या पुस्तकात कंसात आहे. मार्क १६ मध्येही ९ पासून पुढे कंस आहे. मोठ्या मुलांनी विचारलं तर? विषय टाळावा का?

---

मूळ संहिता

टाळू नका, ताई. मुलं हे उद्या मोबाईलवर वाचणारच आहेत, आणि तिथे ते "बायबलमध्ये फेरफार" अशा मथळ्याखाली असेल. आधी तुमच्याकडून शांतपणे ऐकू द्या.

सांगायचं ते असं. शास्त्र छापखान्याआधी हाताने नकललं जात होतं. चौथ्या शतकातल्या दोन महत्त्वाच्या प्रती आहेत, व्हॅटिकनची आणि सीनायची. मत्तय ६:१३ चा शेवटचा भाग त्यांत नाही, मार्क १६:९–२० ही नाही. पुढच्या बऱ्याच प्रतींत दोन्ही आहेत. संपादकांनी हे लपवलं नाही, कंस टाकून वाचकाला दाखवलं.

प्रार्थनेचा तो शेवट अगदी जुन्या ख्रिस्ती उपासनेत होता. दिदाखे या प्राचीन पुस्तिकेत त्याचं आखूड रूप सापडतं, आणि त्याचा सूर १ इतिहास २९:११ मधल्या दावीदाच्या प्रार्थनेचा आहे. म्हणून तो म्हणण्यात काही वावगं नाही. वर्गात कॅथलिक मूल असेल तर ते "वाइटापासून सोडव" इथे थांबेल, त्याला थांबू द्या.

मार्कबद्दल विचारलं तर मुलांना मत्तय २८, लूक २४, योहान २० आणि १ करिंथ १५ काढायला लावा. पुनरुत्थानाची साक्ष त्या बारा वचनांवर टांगलेली नाही, हे त्यांनी स्वतः पानं उलटून पाहू द्या. चार गट करा, प्रत्येकाला एक अध्याय, १५ मिनिटं, आणि एकच प्रश्न: "उठलेल्या येशूला कोणी पाहिलं?" नावं फळ्यावर चार रकान्यांत लिहून घ्या. आणि मार्क १६:६ कंसाबाहेर आहे, तेवढं वचन शेवटी तुम्ही स्वतः वाचा.